मादाम इनायतचे तीन फोटो

कापसाची प्रत ठरवणाऱ्या उस्ताद लबीबची मुलगी कंपनीच्या ऑफिसात आली ती बुधवारी, अकराच्या सुमाराला. तिचे वडील जाऊन अकरा दिवस झाले होते. तिने खुर्चीच्या कडेवर बसत, जणू कुणाकडे साखर मागावी तसं विचारलं, "मादाम इनायत, बाबांचा कामावरचा एखादा फोटो असेल ना तुमच्याकडे? घरी लग्नातले आहेत, समुद्रावरचे आहेत. कामावरचा एकही नाही." इनायत म्हणाली, "असणारच की पोरी. अडतीस वर्षं होते ते इथे." आणि ती उठली. कपाटं तिची होती, किल्ल्या तिच्या होत्या, सत्तावीस वर्षांचे कागद कुठल्या फडताळात आहेत ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पहिलं कपाट झालं, दुसरं झालं. जहाजांचे फोटो निघाले, कापसाच्या गाठींचे निघाले, मालक हिल्मी बेंचे कुठल्याशा मंत्र्याशी हात मिळवतानाचे निघाले. शेवटी नव्या दाबयंत्राच्या उद्घाटनाचा एक फोटो सापडला. फीत कापणारे हिल्मी बे, आजूबाजूला दहा माणसं, आणि हिल्मी बेंच्या खांद्यामागे एक कान आणि चष्म्याची अर्धी काच. मुलीने फोटो खिडकीशी नेला. "हा कान बाबांचाच!" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की इनायत पाकीट शोधायला वळली. मुलगी तो कान पाकिटात घालून घेऊन गेली. इनायतने कपाटं पुन्हा नीट लावली, किल्ल्या खिशात टाकल्या. दिवसभर तिला वाटत राहिलं, आपण काहीतरी हरवलंय आणि ते हरवल्याची नोंदसुद्धा आपण ठेवलेली नाही.

त्याच आठवड्यात रऊफ बेंनी तिला आत बोलावलं. हिल्मी बे आता घरीच असत. त्यांचा हा मुलगा दोन वर्षांपासून कंपनी बघत होता. चौतीस वर्षांचा, हुशार, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारा. "मादाम इनायत, इटलीवाले विचारतायत की तुमची माणसं कोण आहेत. वेबसाइटवर आपले चेहरे हवेत, छापील पुस्तिकेत हवेत. माझा, हिशेबनिसांचा, निर्यातवाल्यांचा, असे पाच जणांचे. शिवाय इमारत, प्रतवारीचा दिवाणखाना, थोडा कापूस. तीन फोटोग्राफर बोलवा आणि प्रत्येकाकडून एक नमुना काढून घ्या." "नमुना कोणाचा?" "तुमचाच काढू दे. माझ्यामागे कामं आहेत, तुम्ही बसा त्यांच्यासमोर." इनायत म्हणाली, "जशी तुमची इच्छा." हे ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाली होती की ओठांना आता त्याचं वजनही लागत नसे. पण बसायचं तिच्या जिवावर आलं. कुणासमोर बसून फोटो काढून घ्यायचा म्हणजे तिला नऊ वर्षांची इनायत आठवे. रम्ल स्टेशनामागच्या आर्मेनियन म्हाताऱ्याचा स्टुडिओ, शाळेच्या ओळखपत्रासाठी आईने नेलेलं, समोरचा एक दात पडलेला. आई कानाशी म्हणाली होती, "हसू नकोस हं, भोक दिसतं." आणि म्हाताऱ्याने औषधाचा उग्र वास येणाऱ्या दोन बोटांनी तिची हनुवटी उचलून एका बाजूला वळवली, आणि ती तशीच राहिली. चव्वेचाळीस वर्षं झाली. कॅमेरा दिसला की तिचे ओठ आपोआप मिटत, हनुवटी त्या मेलेल्या माणसाच्या बोटांवर टेकल्यासारखी वर होई. पासपोर्टवर, लग्नाच्या गर्दीत, सगळीकडे तीच हनुवटी. दात केव्हाच आला होता.

पहिला आला तो कैरोहून, ताहेर नावाचा. त्याच्याबरोबर दोन माणसं आणि पाच पेट्या. सभेच्या खोलीत राखाडी कापड टांगलं, छत्र्यांसारखे दिवे उभे केले, टेबलाचे पाय किती इंच सरकवायचे ते मोजून सरकवले. त्याच्या कामात कुठेही धसमुसळेपणा नव्हता, आणि इनायतला नीटनेटकं काम आवडे. "हनुवटी खाली. खांदा इकडे. हात बांधा, मादाम. आता स्वतःवर विश्वास असल्यासारख्या बघा." स्वतःवर विश्वास असल्यासारखं कसं बघतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने ट्रामच्या तिकीट तपासनिसाकडे बघतात तसं बघितलं. "उत्तम!" ताहेर म्हणाला. वीस मिनिटांत सगळं झालं. त्याने आपल्या आधीच्या कामाची वही दाखवली: बँका, दवाखाने, सिमेंट. पानोपानी हात बांधलेली माणसं, राखाडी कापड, एकच हसू. ती पानं उलटत गेली आणि चौथ्या पानावर तिला कळेना की मघाशी बँकेचा माणूस कुठला होता आणि सिमेंटचा कुठला. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो आला. गळ्याच्या वळ्या गेल्या होत्या. नाकाच्या बाजूचा तीळही गेला होता. तो तीळ तिच्या आईलाही होता, मावशीलाही होता. इनायतने नकळत नाकाशी बोट नेलं. तीळ जागेवर होता.

दुसरा सुब्ही. गावातलाच, लग्नांचे फोटो काढण्यात नाव असलेला, पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा. त्याने तिला खाली गोदामाच्या अंगणात नेलं, गाठींच्या थप्पीसमोर उभं केलं आणि सुरू झाला. "मादाम, खरं सांगा, वय किती? नको, नको, सांगू नका, माझा विश्वास बसायचा नाही. माझा चुलत सासरा आहे, विधुर, दोन मजली घर आहे, फक्त बहिरा आहे. तुम्ही काहीही बोललात तरी त्याला चालेल!" इनायत हसली. तोंड उघडून हसली, हमालही हसले. किती दिवसांनी आपण अशा हसलो, याचंच तिला नवल वाटलं. सुब्ही वाईट माणूस नव्हता. फोटोत गाठी सोनेरी झाल्या होत्या आणि त्यांच्यापुढे एक बाई कुणाच्या तरी लग्नात पोट धरून हसत होती. तिने उस्ताद वहबांना तिथे कल्पून बघितलं. लबीबनंतर प्रतवारीचा दिवाणखाना आता त्यांच्याच हाती होता. सुब्हीने त्यांनाही हसवलं असतं, त्याला कुणीही हसवता आलं असतं, आणि मग सगळी कंपनी लग्नाला निघाल्यासारखी दिसली असती.

तिसरी मार्सेल घत्तास. पन्नाशीची, सपाट बुटांची, चष्मा दोरीने गळ्यात. एकटीच आली, खांद्याला एक पिशवी, आणि ती पिशवी तिने उघडलीच नाही. "आधी जागा दाखवा," म्हणाली. चालता चालता विचारत होती: सकाळी पहिलं कोण येतं? कुलूप कोण लावतं? चहाच्या वेळी माणसं कुठे उभी राहतात? कुणाला फोटो नको असेल असं इथे कोणी आहे का? शेवटच्या प्रश्नाला इनायत थबकली. आधीच्या दोघांनी हे विचारलं नव्हतं, तिच्याही मनात आलं नव्हतं. "विचारावं लागेल," ती म्हणाली. मार्सेलने मान हलवली. घाई कशाचीच नसल्यासारखी ती बाई चालत होती आणि इनायतच्या टेबलावर तीन पत्रं वाट बघत होती. प्रतवारीच्या दिवाणखान्याच्या दारात मार्सेल थांबली. उंच छत, एका भिंतीला उत्तरेच्या खिडक्यांची रांग, लांब टेबलांवर निळ्या कागदात उघडलेला कापूस. उजेड सगळीकडे सारखा, ऊन कुठेच नाही. "इथे दिवा लावायची कुणाची बिशाद नसेल," ती हळूच म्हणाली. उस्ताद वहबांनी मान वर केली. "लावून बघा. हात मोडीन." "दुपारी बदलतो का हो हा उजेड?" "तीननंतर पिवळा पडतो. तीननंतर मी कापसाला हात लावत नाही. पिवळ्या उजेडात सगळा कापूस खोटं बोलतो." मार्सेलने मागितला तसा त्यांनी तिच्या हातात एक पुंजका दिला, दोन्ही अंगठ्यांत धरून कसा ओढायचा ते दाखवलं. तिने ओढला, तो भलतीकडेच तुटला. वहबा खुदकन हसले. "पाच वर्षं लागतील तुम्हाला." "मला फोटोग्राफी शिकायला नऊ लागली," ती म्हणाली, आणि तिथेच एका स्टुलावर बसली. अर्धा तास बसली. एक तास बसली. चहा प्यायली. कामगार बायकांपैकी एकीशी पायांच्या दुखण्याबद्दल बोलली. शेवटी कॅमेरा बाहेर काढून तिपाईवर लावला आणि पुन्हा नुसतीच बसून राहिली. इनायत टेबलाशी उभी होती, हनुवटी वर, ओठ मिटलेले. "बाई, काढताय ना?" "काढते. तुम्ही तुमचं चालू द्या."

तेवढ्यात निर्यातीचा कारकून कागद घेऊन आला, सही हवी होती. इनायतने चष्म्यावरून नजर टाकली आणि दोन बोटं कागदावर ठेवली. "हे परत ने." "का, मादाम?" "चौदाचा लॉट सतरा म्हणून लिहिलायस. उद्या मिलानमध्ये गाठ फोडली की तोंड कोण दाखवणार, तू?" एक आवाज झाला, वाळकी शेंग मोडावी एवढाच. कारकून पळाला. "झालं," मार्सेल म्हणाली. "काय झालं? मी तयारही नव्हते." "म्हणूनच विचारते. वापरू का हा? नको असेल तर आत्ता तुमच्यासमोर पुसून टाकते." तिने कॅमेऱ्याच्या मागची काच पुढे धरली. इनायतने चष्मा वर सरकवून बघितलं. मग म्हणाली, "उद्या सांगते."

फोटोत टेबलाशी एक बाई उभी होती. उत्तरेचा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, तीळ स्वच्छ, गळ्याच्या वळ्या जिथल्या तिथे. दोन बोटांखाली कागद, चष्म्यावरून रोखलेली नजर, तोंड आवळलेलं. पण ते दात लपवायला आवळलेलं नव्हतं. मागे कापूस, आणि त्या कापसाहून जास्त काहीतरी त्या बाईचं होतं तिथे; सगळा दिवाणखाना तिच्या दोन बोटांखाली होता. इनायतला भीती वाटली. हिच्या हाताखाली मी एक दिवस काम केलं नसतं, असं तिच्या मनात आलं. ती स्वतःला मऊ समजत होती. ऑफिसात कुणाला न बोचता वावरणारी, दारं हळू लावणारी, 'जशी तुमची इच्छा' म्हणणारी. सत्तावीस वर्षं हीच बाई आपल्या खुर्चीत बसत होती की काय, आणि कारकून दारात थबकत, ऐकू येईल न येईल असं "आहेत का आत?" म्हणून एकमेकांना विचारत, ते हिला घाबरून? मार्सेलने जाताना तिसराही छापून दिला होता; संध्याकाळी घरी तिने तिन्ही फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. थोरली बहीण, बहीगा, मुलुखियाच्या भाजीची पानं सुरीने बारीक करत बसली होती. दोघी बावीस वर्षं एकत्र राहत होत्या. बहीगाने सुरीच्या टोकानेच एकेक दाखवला. "ही बँकेतली. ही काहीतरी प्यायलीय. आणि ही तू." "मी अशी दिसते?" "मला काय विचारतेस? आमटीत मीठ कमी पडलं की तू याच डोळ्यांनी सांगतेस. तोंड उघडावंच लागत नाही तुला." "मग कधी बोलली का नाहीस?" "कोणाची छाती आहे!" बहीगा म्हणाली आणि पुन्हा पानं चिरू लागली.

इनायत बाल्कनीत जाऊन बसली. समुद्राकडून ओला वारा येत होता आणि खालच्या कोपऱ्यावर तिळाच्या कडक पावाच्या कड्या विकणारा ओरडत होता. तिच्या मनात राग होता, आणि तो कुणावर आहे ते तिला नीट कळेना. एक परकी बाई येते, दोन तास स्टुलावर बसते, चहा पिते, आणि आपल्याला चव्वेचाळीस वर्षांत जे दिसलं नाही ते एका शेंगेच्या आवाजात उचलून नेते. पण उचलून नेलं कुठे? विचारलंन की, पुसू का म्हणून. पुसायला बोट तयारही ठेवलं होतं. तिला उस्ताद वहबा आठवले: पुंजका तीन वेळा ओढल्याशिवाय, तीन वेळा खिडकीकडे धरल्याशिवाय प्रत म्हणून तोंडातून काढत नाहीत, खरेदीदार कितीही पाय आपटो. लबीबही तसेच. ही मार्सेल त्यांच्याच जातकुळीची. ती थांबते. दिवा आणत नाही, जिथे चांगला उजेड आहे तिथे जाऊन बसते आणि थांबते. इनायतला हळूहळू रागाखाली दुसरंच काहीतरी लागलं, आणि ते इतकं सरळ कौतुक होतं की तिला जरा लाजल्यासारखं झालं. मात्र हा फोटो रऊफ बेंच्या टेबलावर ठेवायचा म्हणजे ही बाईही त्यांच्यासमोर ठेवायची. ताहेरचा पुढे केला तर कुणालाच काही त्रास नव्हता. पाच चेहरे, राखाडी कापड, वीस-वीस मिनिटं. आणि कपाटात नवं पाकीट, ज्यात उस्ताद वहबांचा कानही नसेल.

सकाळी तिने तिन्ही फोटो रऊफ बेंपुढे ठेवले. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "पहिला. स्वच्छ आहे, बाहेरच्या देशात चालेल असा. दुसरा... नको. आणि हा तिसरा, मादाम, ह्यात तुम्ही आता मला ओरडणार असं वाटतंय." ओठांवर ते नेहमीचे तीन शब्द आले होते. तिने ते गिळले. "ओरडत होते," ती म्हणाली. "तुम्हाला नाही, निर्यातवाल्यांना. चौदाच्या जागी सतरा जात होता मिलानला." रऊफ बे सरळ बसले. "कधी?" "हा फोटो काढला तेव्हा. तेच चाललंय त्यात." त्यांनी फोटो पुन्हा उचलला, कागदावरची बोटं बघितली. "रऊफ बे, पहिल्या फोटोतली बाई कापूस विकते की विमा, ते इटलीच्या माणसाला कसं कळणार? तो आपल्याकडे येतो तो उस्ताद वहबांच्या डोळ्यांवर विसंबून. त्यांचा फोटो तुमच्या पाचांत नाही." "म्हणजे सहा म्हणताय?" "एक्केचाळीस म्हणते. जेवढे इथे काम करतात तेवढे. ज्याला नको त्याचा नाही. आणि प्रत्येकाचा एक फोटो त्याच्या घरी." आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू येत होतं आणि तो खाली आणावासा वाटत नव्हता. "दोन दिवस काम बंद ठेवू?" "काम बंद ठेवलं तर ती येणारच नाही. तिला कामच हवंय." रऊफ बे टेबलावरच्या कात्रीशी खेळत राहिले. मग बुटांकडे बघत म्हणाले, "खरं सांगू, मादाम? मला फोटो जमत नाहीत. प्रत्येक फोटोत मी कुणाची तरी माफी मागतोय असा दिसतो. पहिला माणूस ते पुसून टाकील, असं वाटलं मला." इनायतला ह्या उंच माणसाची एकदम माया आली. "ही पुसणार नाही," ती म्हणाली. "पण ही घाईही करणार नाही." "बरं," रऊफ बे म्हणाले. "वाईट आला तर तुमच्यावर."

पहिला दिवस मार्सेलने कॅमेऱ्याशिवाय घालवला. नावं पाठ करत हिंडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दिवाणखान्यात होती. इनायतने प्रत्येकाला आधीच विचारलं होतं. झकिया नको म्हणाली होती. कापूस निवडणारी, चाळिशीची, फटकळ. "माझा फोटो भिंतींवर नको मला." मार्सेल म्हणाली, "बरं," आणि तिच्या टेबलाकडे पाठ करून बसली. सकाळभर झकिया इतरांचे फोटो निघताना बघत होती, नाक मुरडत होती, हमालाला "पोट आत घे रे, गाठ समजून दाबायला नेतील" म्हणत होती. दहा वाजता आपणहून आली. "चेहरा नाही. हात घे." मार्सेलने हात घेतले, आणि त्यासाठी जमिनीवर बसली, अंगावर कापसाचे तंतू चिकटले तरी उठली नाही. इनायत दारात उभी राहून बघत होती. कुणाला कुठे उभं राहा म्हणून ती बाई सांगत नव्हती. माणसाचं काम जिथे सगळ्यात घट्ट होतं तिथे आधीच जाऊन ती बसलेली असे आणि माणूस चालत चालत स्वतःच तिथे येई. हमाल गाठ खांद्यावर घेऊन वळतो ते वळण, पहारेकरी किल्ली लावण्याआधी कुलपावरची धूळ फुंकतो ती फुंकर. इतक्या वर्षांत हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं, आणि आज एका बाईच्या बसण्यामुळे ते दिसतंय, असं इनायतच्या मनात आलं.

अकरा वाजता रऊफ बे आले. नवा कोट, घट्ट टाय, केस पाण्याने बसवलेले.  ते भिंतीशी जाऊन उभे राहिले, हात पुढे घेतले, मागे घेतले, आणि चेहऱ्यावर ते आलंच, काही सांडून ठेवल्यासारखं. "मी कुठे उभा राहू?" त्यांनी विचारलं.  मार्सेलने इनायतकडे बघितलं. इनायतला आतून फोटोतली ती बाई वर येताना जाणवली, दोन बोटांची, आणि या वेळी तिने तिला अडवलं नाही. "उभं राहू नका, रऊफ बे," ती म्हणाली. "कोट काढा. सकाळपासून उस्तादांनी ही प्रत लावून ठेवलीय आणि मला ती पटत नाही. तुम्ही सांगा."  उस्ताद वहबा स्टुलावरून उठलेच. "पटत नाही? मादाम, तुम्हाला? कागद तुमचे, कापूस माझा!" "म्हणूनच बेंना विचारतेय. हिल्मी बेंनी दोन वर्षं बसवलं होतं ना त्यांना इथे?" रऊफ बे कोट काढून खुर्चीवर टाकत म्हणाले, "तीन वर्षं." त्यांनी पुंजका उचलला. अंगठे जवळ आले, ओढले, पुन्हा जुळवले, पुन्हा ओढले. खिडकीकडे धरला, मान तिरकी केली. "उस्ताद, ही एक पायरी खालची आहे." "खालची? कोण म्हणतं? तुम्ही ह्या टेबलाखाली झोपायचात तेव्हापासून मी..." "झोपायचो, पण हे बघा, ही तुटकी टोकं बघा!" "ती मधल्या थरातली आहेत!" "मग वरच्या थरातलं द्या!" त्यांनी बाह्या वर सारल्या, टाय खांद्यावरून मागे टाकली, आवाज चढला, कान लाल झाले, आणि म्हातारा आणि तरुण एकाच खिडकीशी डोकी जुळवून भांडत राहिले. मार्सेलची शेंग मोडत होती, हळू, थांबून थांबून. कुणालाही ती ऐकू येत नव्हती.

शेवटी उस्ताद वहबांनी तिसरा पुंजका ओढला, बराच वेळ धरून ठेवला, आणि गाठीवरची चिठ्ठी काढून एक पायरी खालची नवी लिहायला बसले. रऊफ बे घाम पुसत, कोट तसाच खुर्चीवर विसरून वर गेले. चिठ्ठी लिहून झाल्यावर वहबांनी इनायतला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला. "मादाम, खरं सांगा. तुम्हाला कळलं होतं, की थाप मारलीत?"

"अर्धी थाप."

"कुठली अर्धी?"

इनायतने निळ्या कागदावरचा एक पुंजका उचलला. सत्तावीस वर्षांत तिने कापसाच्या हजारो चिठ्ठ्यांवर सह्या केल्या होत्या. कापूस ओढून कधी बघितला नव्हता. तो तिला वाटला होता त्याहून थंड होता. तिने दोन्ही अंगठे जवळ आणले.

"आता सांगते," ती म्हणाली, आणि खिडकीकडे गेली.